गिरगावात पागडीची खोली घ्यावी का? डोंबिवलीचा फ्लॅट विकून?

मीनल_डोंबिवली

नमस्कार. घरात बरेच दिवस यावरून बोलणं चाललंय आणि निर्णय होत नाहीये, म्हणून इथे विचारतेय. गिरगावात राहणाऱ्यांनी किंवा राहून गेलेल्यांनी कृपया मनापासून सांगावं.

माझं माहेर गिरगावचं, ठाकूरद्वारच्या नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर. लग्नानंतर डोंबिवली पूर्वेला आले. आमचा वन बीएचके आहे, कर्ज फिटलंय. मी फोर्टला एका लॅबमध्ये काम करते, मिस्टर लोअर परळला. मुलगी साडेचार वर्षांची. सकाळी सव्वासातला घर सोडते ते रात्री आठपर्यंत परत येते. मुलगी आज काय जेवली, कुठे पडली, कोणाशी भांडली हे सगळं मला पाळणाघरातल्या मावशींकडून कळतं. ठाण्याला गर्दीत कोणी ढकललं की वाटतं, हे अजून किती वर्षं करायचं?

दुसरीकडे आई. वय ७१, गुडघे गेलेत, आणि तिसऱ्या मजल्यावर एकटी. भाऊ बंगळुरूला असतो, त्याचं येणं गणपतीत.

आता आईच्याच वाडीत, समोरच्या चाळीत एक खोली निघालीय. दुसरा मजला, साधारण १८० चौरस फूट, पोटमाळा आहे. मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला सगळ्यांचे मिळून. खोली पागडीची, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन भाडेकरूचा हक्क घ्यायचा, मालकी घरमालकाचीच. ६५ लाख सांगतायत, हस्तांतराबद्दल मालकाला द्यायचा तिसरा हिस्सा त्यातच धरून. डोंबिवलीचा फ्लॅट विकून, मिस्टरांचा पीएफ आणि थोडं सोनं मोडून जमवता येईल. कर्जाचं बँकेत विचारलं, पागडीच्या खोलीवर कर्ज देत नाही म्हणाले.

एजंट म्हणतो, दोन-तीन वर्षांत बिल्डर येतोय, बोलणी झालीयत, तुम्हाला टॉवरमध्ये स्वतःच्या मालकीचा फ्लॅट मिळेल, आत्ता घेतलं नाहीत तर पुन्हा या भावात मिळणार नाही. मिस्टरांचं म्हणणं, स्वतःच्या मालकीचं घर विकून भाड्याची पावती विकत घेणं हा वेडेपणा आहे. मला दोघांचंही पटतं. लहान मुलीला घेऊन तिथे आता राहता येईल का, आणि कागदोपत्री यात कितपत धोका आहे, हे जाणकारांनी सांगावं.


ठाकूरद्वारकर

मीनलताई, मी गिरगावातच जन्मलो आणि इथेच राहतो. आमच्या चाळ कमिटीच्या कागदपत्रांचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी मुद्द्याचं. आहे त्या खोलीत, आहे त्या जिन्याने पुढची पंधरा वर्षं राहायची तयारी असेल, तरच घ्या. टॉवरच्या आशेवर घेत असाल तर अजिबात घेऊ नका. एजंट जे ‘दोन-तीन वर्षांत’ म्हणतो ते आमच्या वाडीत माझे वडीलही ऐकत होते.

असं का होतं ते नीट समजून घ्या. १९४७ च्या भाडे कायद्याने इथली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवा कायदा आला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, तो २००० सालच्या मार्चअखेर लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. पण मूळ भाडंच पन्नास-साठ रुपये असेल तर त्याचे ४ टक्के किती होणार? मालकाला इमारत सांभाळण्यात रस उरला नाही, भाडेकरूला मालकी नाही. मधल्या काळात लाकडी तुळया कुजत राहिल्या. सरकारने १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी मंडळ काढलं, आपण भाड्याबरोबर सेस, म्हणजे दुरुस्तीचा उपकर, भरायला लागलो, आणि त्या सेसवर इमारतींना टेकू लागले. दुरुस्ती मंडळ ठराविक मर्यादेपर्यंतच खर्च करतं, वरचा रहिवाशांनी घालायचा असतो. तिथे चाळीचं घोडं अडतं, कारण पेन्शनीत निघालेला माणूस आणि ज्याची खोली वर्षभर कुलूपबंद आहे तो, दोघेही वर्गणी द्यायला तयार नसतात.

तुम्ही पाहिलेली चाळ १९४० च्या आधीची असणार, म्हणजे ‘अ’ वर्गातली. अशा उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास बहुतेक करून विकास नियमावलीच्या ३३(७) या नियमाखाली होतो. त्यात निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं, मग खोली १२० ची असो की १८० ची. एजंट ज्याला टॉवरमधला फ्लॅट म्हणतोय तो हा. बिल्डर आपल्या नफ्यातून वर काही देईल ते देईल. ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते, पूर्वी ७० टक्के लागायची. पण संमती मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. मालक तयार हवा, त्याच्या भावाबहिणींत दावा नसावा, प्लॉट इतका चिंचोळा नसावा की शेजारच्या वाडीला बरोबर घेतल्याशिवाय टॉवरच उभा राहत नाही. गिरगावात नेमकं हेच आडवं येतं. गल्ली आठ-दहा फुटांची, अग्निशमनाची गाडी आत शिरत नाही. मग चार मालक आणि दोनशे भाडेकरू यांना एका कागदावर आणायचं.

मालक काहीच करत नसेल तर काय, यासाठी म्हाडा कायद्यात ७९-अ हे कलम आलं. धोकादायक इमारतीच्या मालकाला सहा महिने, त्याने प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, नाहीतर म्हाडा स्वतः. आम्हाला फार आशा होती. पण २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने अशा नऊशेहून जास्त नोटिसा रद्द केल्या. तेव्हा त्या कलमाचा हवाला देऊन कोणी भाव वाढवून सांगत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता कागद. खोली बघण्याआधी ते बघा. चालू महिन्याची भाडेपावती विकणाऱ्याच्याच नावावर आहे का? त्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी त्याला नाव बदलून आणू दे. मालक एकटा आहे की चार वारस आहेत? सही सगळ्यांची हवी, किंवा एकाच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र हवं. ट्रस्टची इमारत असेल तर विश्वस्तांचा ठराव बघा. करार तिघांचा हवा, मालक, जाणारा भाडेकरू आणि तुम्ही, आणि तो नोंदणीकृत हवा. ‘पावती तुमच्या नावावर करून देतो, करार कशाला’ असं मेहता, म्हणजे मालकाचा भाडं गोळा करणारा कारकून, म्हणाला तर तिथूनच परत फिरा. मालकाचा हिस्सा चेकने द्या आणि कायद्यातली पागडीची तरतूद करारात लिहून घ्या. १९९९ च्या कायद्यापासून पागडी देणं-घेणं उघडपणे करता येतं, मग लपवाछपवी कशासाठी?

आणखी एक तारीख लक्षात ठेवा, १३ जून १९९६. त्यानंतर नव्याने निर्माण झालेले भाडेकरू पुनर्विकासात धरले जात नाहीत. पुष्कळ ठिकाणी एका मोठ्या खोलीच्या दोन झाल्या, जिन्याखालची जागा खोली झाली, गच्चीवर पत्रे टाकून खोली झाली. त्यांच्याही पावत्या असतात आणि त्या विकल्याही जातात. तुमची १८० ची खोली मूळची एकच आहे का, की मध्ये भिंत घातलीय, हे जुन्या भाडेकरू यादीवरून तपासा. दुरुस्ती मंडळाकडे इमारतीच्या भाडेकरूंची यादी असते, त्यात खोली क्रमांक आणि क्षेत्रफळ बघा.

खोली बघायला जाल तेव्हा खिशात पेचकस ठेवा. मोरीच्या कोपऱ्यात जिथे पाणी मुरतं तिथे खालच्या मजल्यावर जाऊन वरची तुळई बघा. खालच्या बिऱ्हाडाला विनंती करा, कोणी नाही म्हणत नाही. पेचकसाचं टोक दाबल्यावर लाकूड टणक लागलं, जेमतेम रेघ उठली तर ठीक. लोण्यात जावं तसं आत गेलं आणि ओलसर भुसा बाहेर आला तर ती तुळई नुसत्या रंगावर उभी आहे. असंच जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीखाली बघा. गॅलरीच्या कठड्याला हात लावून जरा हलवून बघा. ज्या चाळीत लोखंडी टेकू गॅलरीच्या खाली उभे आहेत आणि त्यांच्यावर कपडे वाळत घालायची सवय होऊन गेली आहे, तिथे पैसे टाकू नका. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारची हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. ती आमच्यापासून दोन किलोमीटरवरसुद्धा नाही. त्या दिवसापासून पावसात रात्री लाकूड करकरलं की मी उठून बसतो.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या आईच्या खोलीची पावती सध्या कोणाच्या नावावर आहे?


वाडीतली_सून

मी मुलुंडहून लग्न करून गिरगावात आले, आता दोन मुलांना घेऊन राहते. कागदाचं काकांनी लिहिलंच आहे, मी राहण्याचं सांगते.

सगळ्यात कठीण सामायिक संडास. दिवसा काही वाटत नाही. रात्री दीड वाजता चार वर्षांच्या मुलीला घेऊन गॅलरीच्या टोकाला जायचं, दिवा गेलेला, घुशी पायात, आणि नेमकं त्या दिवशी ड्रेनेज तुंबलेलं. आम्ही पहिली तीन वर्षं मुलीसाठी मोरीतच सोय केली. ज्येष्ठांना याहून त्रास. काही चाळींत लोकांनी मालकाच्या संमतीने किंवा संमतीशिवाय मोरीत संडास बसवलेत, पण जुन्या लाकडी मजल्यावर ते वजन आणि ती गळती, खालच्याशी कायमचं भांडण. खोली बघताना किती बिऱ्हाडांत किती संडास आणि त्यांना कुलूप कोणाचं, हे नक्की विचारा.

पाणी पहाटे येतं. खालच्या मजल्यावर जोर असतो, वर पंपाशिवाय चढत नाही. पंप चाळीचा आहे की प्रत्येकाने आपापला लावलाय? प्रत्येकाने लावला असेल तर दुसऱ्या मजल्यावर तुमच्या पिंपात काय पडतं ते पहाटे जाऊन बघा. एजंट दुपारीच खोली दाखवतो, तेव्हा टाकीचं पाणी असतं.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती खरी आहे. माझा मुलगा तापाने फणफणला तेव्हा मी ऑफिसात होते. समोरच्या आजींनी त्याला उचलून प्रार्थना समाजच्या डॉक्टरांकडे नेलं, औषध आणलं, पेज भरवली आणि मग मला फोन केला. मुलं शाळेतून चालत येतात. संध्याकाळी गॅलरीत पंधरा डोळे त्यांच्यावर असतात. भाजी, वाणी, दवाखाना, लायब्ररी, साहित्य संघात नाटक, चौपाटीची हवा, सगळं चालत. आता मेट्रो झाली. तुम्हाला फोर्टला जायचंय म्हणजे गिरगावला बसून काळबादेवी, सीएसएमटी आणि तिसरं हुतात्मा चौक. तुमचे रोजचे किती तास वाचतील बघा. ते तास मुलीचे आहेत, आणि माझ्या मते त्यांची किंमत चौरस फुटांत करता येत नाही.

पण एकांत मिळणार नाही, हे मनात पक्कं करा. दार दिवसभर उघडं असतं. लावून घेतलं तर लोक विचारतात, बरं नाही का? नवराबायकोला मोठ्याने भांडता येत नाही. मला पहिल्या वर्षी गुदमरल्यासारखं झालं होतं. तुम्ही इथल्याच आहात, तुम्हाला ते सवयीचं असेल. तुमच्या मिस्टरांना आठवडाभर आईकडे राहायला सांगा आणि मग विचारा.


घरमालकाची_लेक

दुसरी बाजू मांडते, रागावू नका. गिरगावातच आमची तीन मजली चाळ आहे, आजोबांनी घेतलेली. ठाकूरद्वारकर काकांनी मालकाला रस उरला नाही असं लिहिलंय. उरला नाही हे खरं आहे, पण का ते आमच्या घरात बसून बघा. सगळ्या खोल्यांचं मिळून महिन्याचं जे भाडं येतं त्यात गटार साफ करणाऱ्याचे पैसेही पुरे पडत नाहीत. वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोल्यांचे भाडेकरू ठाण्या-पुण्यात मोठ्या फ्लॅटमध्ये राहतात आणि पावती मात्र सोडत नाहीत. हस्तांतराच्या वेळी मिळणारा तिसरा हिस्सा, एवढंच आमचं उत्पन्न. तेही कायद्याने ठरवलेलं प्रमाण नाही, वहिवाट आहे.

तरी मीनल, तुला एक सांगते. मालक म्हणून कोण समोर बसलंय याची खात्री कर. आमच्याकडे बाबांच्या पश्चात सहा वारस आहेत. एका चुलत्याने परस्पर एका हस्तांतरावर सही केली, पैसे घेतले, आणि ते प्रकरण धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात अजून चालू आहे. त्या भाडेकरूची यात काही चूक नव्हती, पण आज त्याची पावती आम्ही बाकीचे मान्य करत नाही. त्याच्या जागी तू असू नयेस. मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढ, त्यावर कोणाकोणाची नावं आहेत बघ, आणि त्या प्रत्येकाला फोन कर. तासाभराचं काम आहे.


बदली_घर

रिडेव्हलपमेंटवर भिस्त ठेवू नका हे मी जगून सांगतो. आमची चाळ पडायला आली म्हणून रिकामी केली. बिल्डर होता, करार होता, भूमिपूजनाचे पेढेही वाटले. पहिली काही वर्षं त्याने भाडं दिलं, मग चेक परत यायला लागले. प्लॉटवर आज पत्रे लावलेत आणि आत पिंपळ उगवलाय. आम्ही भाड्याच्या घरांतून शेवटी उपनगरातल्या एका संक्रमण शिबिरात आलो. आईची इच्छा होती शेवटचा श्वास गिरगावात घ्यायची. ते झालं नाही.

बिल्डर येतोय म्हणतात ना, तर एवढंच विचारा: त्याने आतापर्यंत किती चाळी पाडल्या आणि त्यातल्या किती लोकांना चावी दिली? त्या लोकांना जाऊन भेटा. बांधकामाच्या काळातलं भाडं किती वर्षांचं आगाऊ आणि कुठल्या हमीवर? बँक हमी नसेल तर करार कितीही जाड असो. चाळ सोडताना आम्ही हे विचारलं असतं तर त्याने तेव्हाच काढता पाय घेतला असता, आणि आम्ही निदान आमच्या खोलीत असतो.


मीनल_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बदली_घर, तुमच्या आईबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

ठाकूरद्वारकर काका, रविवारी पेचकस घेऊन गेले. खालच्या काकूंनी वर बघू दिलं. मोरीखालची तुळई मऊ निघाली, तुम्ही म्हणालात तसाच ओला भुसा. एजंट म्हणाला रंग दिला की कळणार नाही! पहाटे आईकडे राहून पाणीही पाहिलं, दुसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार आणि ती पण अर्धा तास. मालमत्ता पत्रकाचं काम मिस्टर करतायत.

तुम्ही आईच्या पावतीचं विचारलंत. पावती अजून बाबांच्याच नावावर येते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. आई दर महिन्याला मेहतांकडे भाडं भरते, ते घेतात, कोणी काही म्हणत नाही. आईची खोली २२० ची आहे, मागे लहान स्वयंपाकघर, आणि तिच्या मजल्यावर फक्त सहा बिऱ्हाडं, संडास तीन. इमारतीला पाच-सहा वर्षांपूर्वी लोखंडी तुळया घालून दुरुस्ती झालीय. आईला आम्ही डोंबिवलीला न्यायचाही विचार करत होतो, वर्षभर तरी, गुडघ्याचं ऑपरेशन होईपर्यंत.


ठाकूरद्वारकर

मीनल, मग माझं उत्तर बदललं. समोरची ती खोली घेऊ नका. ६५ लाख आणि डोंबिवलीचं मालकीचं घर त्या मऊ तुळईवर ठेवण्याआधी आईच्या खोलीकडे बघा. तुमच्या हातात आहे ती जागा तुम्ही घेऊ पाहताय त्या जागेपेक्षा सगळ्याच बाबतीत चांगली आहे, आणि नऊ वर्षं ती कागदावर उघडी पडलीय.

कायदा असा आहे. भाडेकरू वारल्यावर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा घरचा माणूस भाडेकरू होतो. म्हणजे बाबांनंतर आई. तिचा हक्क आहेच, फक्त पावतीवर दिसत नाही. पण पुढचं बघा. आईच्या माघारी त्या खोलीत तिच्याबरोबर राहणारं कोणी नसेल तर वारसांचा प्रश्न येतो, आणि एकमत झालं नाही तर ते कोर्टाने ठरवायचं. मालक तेव्हा म्हणणार, मुलगा बंगळुरूला, मुलगी डोंबिवलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये, इथे राहतंय कोण? लग्न झालेल्या मुलीच्या बाबतीत तर हरकत हमखास येते, म्हणून राहत असल्याचे पुरावे भक्कम हवेत.

आईला वर्षभर डोंबिवलीला नेऊन खोलीला कुलूप लावायचं तर मुळीच करू नका. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर मालकाला खोली खाली करून मागता येते. आजारपण हे सबळ कारण ठरेलही, पण ते सिद्ध करायला धोबीतलावच्या खेपा कोण घालणार? ऑपरेशन करायचंच असेल तर इथल्या रुग्णालयात करा आणि तुम्ही तिच्याकडे राहायला या.

मी सांगतो ते असं: डोंबिवलीचा फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. तुम्ही तिघं आईकडे या. २२० चौरस फुटांत चौघं, अडचण होईल, खोटं बोलत नाही. पोटमाळा नीट करून घ्या. वाडीतली_सून यांनी म्हटलंय तसं मिस्टरांना आधी आठवडाभर राहू द्या. पण आई मुलीजवळ, मुलगी आजीजवळ, तुमचे प्रवासाचे तास वाचले, फ्लॅटचं भाडं येतंय, आणि उद्या टॉवर झालाच तर त्यात तुमचं नाव. नाही झाला तरी तुम्ही काही गमावलेलं नाही. तिसऱ्या मजल्याचा जिना आईला नको होतो, हे आहे. आमच्या चाळीत एका काकांसाठी प्रत्येक मजल्याच्या वळणावर बाक ठेवलाय आणि भिंतीकडून दुसरा कठडा बसवलाय, मालकाने हरकत घेतली नाही.

आता याच महिन्यात करायचं काम. मालकाच्या नावाने आईचा अर्ज लिहा: पती अमुक तारखेला वारले, तेव्हापासून मी खोलीत राहते, भाडं भरते, पावती माझ्या नावावर करावी. जोडायचं ते बाबांचा मृत्यू दाखला, रेशनकार्ड, आईचं आधार, वीज बिल, नऊ वर्षांतल्या जितक्या पावत्या सापडतील तितक्या. भावाचं ना हरकत प्रतिज्ञापत्र आताच घ्या, तो गणपतीत येईल तेव्हा नोटरी करून टाका. आज भावाबहिणीत गोडी आहे तेव्हाच हे होतं. मेहता पैसे मागेल. वारसाने नाव लावणं म्हणजे खोली विकणं नव्हे, त्यात तिसरा हिस्सा वगैरे काही नसतं, हे त्याला शांतपणे सांगा. कार्यालयाचा किरकोळ खर्च मागितला तर पावती घेऊन द्या. अर्ज हातात घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि पोचपावती जपा. तरीही दाद दिली नाही तर लघुवाद न्यायालयात आईला भाडेकरू घोषित करून घेण्याचा दावा करता येतो. या कामाचे वकील धोबीतलावला कोर्टाच्या आसपासच बसतात, कागद दाखवून फी आधी ठरवून घ्या.

मुलीचा शाळेचा दाखला आणि तुमच्या दोघांच्या आधारवरचा पत्ता राहायला आल्यावर लगेच बदला, नुसता कागदावर नको, खरंच राहायला आल्यावर. आणि भाडं आता मेहताच्या हातात रोख देणं बंद करा. मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवा, पाठवणाऱ्याच्या जागी आईचं नाव घालून.